पारोशी साडी

“पण बाळ केवढं असेल, ते तरी सांग की गं,” शोभाताई म्हणाल्या.

शोभाताई माझ्या थोरल्या नणंद. इस्लामपूरहून सकाळच्या एसटीनं खास ह्याच कामासाठी कराडला आमच्याकडे आल्या होत्या. पुढ्यातल्या चहावर साय धरली होती, तरी त्यांचं तिकडं लक्ष नव्हतं.

“माहीत नाही, ताई.”

“तान्हं का रांगतं?”

“तेही नाही माहीत.”

“मुलगा का मुलगी?”

मी नुसती मान हलवली.

“मग आम्ही आणायचं तरी काय?”

विश्वास, माझा नवरा, दुकानाला निघाला होता. त्याचं चष्म्याचं दुकान आहे. दारात चपला घालता घालता तो म्हणाला, “अगं ताई, ते आम्हाला कळलं की पहिला फोन तुलाच.”

दत्तक घेण्यासाठी आम्ही नाव नोंदवलं, त्याला तेव्हा दोन वर्षं होऊन गेली होती. घरी येऊन चौकशी झाली होती, कागदपत्रं झाली होती, आता फक्त वाट पाहायची होती. ही वाट पाहणं विचित्र होतं. पोट दिसत नव्हतं, महिने मोजता येत नव्हते. मी शाळेत भूगोल शिकवते. आमच्याच शाळेतल्या मराठीच्या कदमबाईंना त्याच सुमारास दिवस गेले होते. त्यांच्या डोहाळजेवणाला आम्ही सगळ्याजणी गेलो, फुलांचे दागिने घातले, पेढा का बर्फी विचारलं. परत येताना रिक्षात सगळ्या एकदम गप्प झाल्या. माझं काय करायचं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मला तरी कुठं ठाऊक होतं.

शोभाताईंनी मात्र ठरवलं होतं की आमच्याकडचं बाळ रिकाम्या घरात येणार नाही. त्यांचा स्वभावच तसा. “हे बघ,” त्या म्हणाल्या, “आपण आधीच ठरवून टाकू, कुणी काय आणायचं ते. नाहीतर बाळंतविडा म्हणून सगळे टोपडी आणतात. माझ्या सुमितच्या वेळी एवढी टोपडी झाली होती, डोकं एक आणि टोपडी पोतंभर. मी सगळ्यांना फोन करते. काकू पाळणा, मामा गाडी, असं वाटून देते.”

“मागून घ्यायचं?” आतून सासूबाईंचा आवाज आला. त्या भाजी निवडत बसल्या होत्या. “देणाऱ्यानं आपल्या मनानं द्यायचं असतं. आणि मूल घरात यायच्या आधी तर सुईसुद्धा आणायची नाही. आपल्यात चालत नाही.”

“आई, अगं हल्ली सगळे असंच करतात.”

“करू देत.”

दोघींचं बराच वेळ चाललं होतं. मी ऐकत होते आणि मला आतून बरं वाटत होतं, हे आज सांगायला हरकत नाही. आमच्या घरात येणाऱ्या मुलावरून कुणीतरी भांडत होतं. म्हणजे ते येणार होतं.

ते पावसाळा सरल्यावर कळलं. दुपारच्या सुट्टीत विश्वासचा फोन आला. त्याला नीट बोलता येईना. ई-मेल आली होती, एक फोटो होता, आणि हो म्हणायला फार अवधी नव्हता. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून तशीच दुकानात गेले. गिऱ्हाईकाला बाहेर बसवून आम्ही दोघं काउंटरमागं त्या फोटोकडं पाहत उभे राहिलो. वर्ष उलटून गेलेली एक मुलगी होती. डोकं नुकतंच भादरलेलं, कपाळावर वेडीवाकडी तीट, आणि कपाळाला आठ्या. फोटो काढणाऱ्यावर ती चांगलीच रागावली होती.

“हिला आपण आवडू का गं?” विश्वास म्हणाला.

संस्था वर्ध्याजवळच्या एका गावात होती. मुलीचं नाव त्यांनी मैना ठेवलं होतं. संस्थेच्या अधीक्षक ढोलेबाई म्हणून होत्या. संध्याकाळी मी त्यांना फोन केला. शोभाताई तोवर येऊन पोचल्याच होत्या आणि माझ्या शेजारी कान लावून बसल्या होत्या.

“मॅडम, आम्ही येताना मैनासाठी काय काय आणू?” मी विचारलं.

“काहीच नको,” ढोलेबाई म्हणाल्या. “निघायच्या दिवशी तिच्या अंगावर घालायला एक जोड कपडे आणा, बस. इथल्या मुलांमध्ये एकट्या तिला खेळणी दिली तर बरं नाही दिसत. पण त्याच्याआधी एक वस्तू मात्र पाठवून द्या. कुरिअरनं, लवकर.”

“सांगा.”

“तुमची एक साडी. सुती असली तर चांगलं. नेसलेली पाहिजे, दोन-तीन दिवस अंगावर वापरलेली. धुऊ नका. प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून पाठवा. आणि तुम्हा दोघांचा एक फोटो, मोठा करून.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. “न धुतलेली?”

“हो. तुमचा वास तिच्या ओळखीचा व्हायला पाहिजे ना तुम्ही येईपर्यंत.”

फोन ठेवल्यावर शोभाताई हिरमुसल्या. त्यांच्या मनात तोवर तीनचाकी सायकल, मच्छरदाणी, जेवायची उंच खुर्ची असं सगळं तयार झालं होतं. सासूबाईंना वेगळंच खटकलं होतं. “पारोसं वस्त्र? लेकराला पहिल्यांदा काही पाठवायचं, ते पारोसं?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपाटातून एक चॉकलेटी रंगाची साडी काढली, तर सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

“ही नको.”

“का, आई?”

“ही तू शाळेत नेसतेस. शाळेचा वास शाळेच्या पोरांना. घरात नेसतेस ना ती जांभळी, बारीक चौकडीची, ती दे. ती मऊ पण झालीय.” आणि जाता जाता म्हणाल्या, “आणि ती नेसून ओट्यापाशी कांदा चिरू नको. मी चिरेन.”

मी ती जांभळी साडी शाळा सोडून बाकी सगळा वेळ नेसले. स्वयंपाक करताना, पेपर तपासताना, गच्चीत कपडे वाळत घालताना. सारखा पदर नाकाशी नेऊन पाहत होते. मला कसलाच वास येत नव्हता. माझ्या मनात एक खुळी भीती शिरली, की मला वासच नसेल तर? आईला असतो तसा काही वेगळा वास असतो, आणि तो मूल झाल्यावरच येत असेल तर?

विश्वासला विचारलं तर तो जरा विचारात पडला. “येतो. पण कसला ते नाही सांगता येणार. तू घरात आलीस की कळतं मला, न बघता.”

मी साडी घडी घालून पिशवीत बांधली आणि पाठवली.

इकडे शोभाताईंना वय कळलं होतं, मुलगी आहे हे कळलं होतं. आता त्यांना कुणी आवरू शकत नव्हतं. फोन गेले, वाटण्या झाल्या. काकूंनी पाळणा, मामांनी ढकलायची गाडी, माझ्या बहिणीनं फ्रॉक, शाळेतल्या बायकांनी मिळून जेवायची उंच खुर्ची. कदमबाई आपलं अवघडलेलं पोट सांभाळत स्वतः आल्या आणि एक वाजणारा खुळखुळा हातात देऊन म्हणाल्या, “उज्ज्वला, तुझं डोहाळजेवण राहिलंच गं.” मागच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. सासूबाईंनी सुईसुद्धा आणायची नाही म्हटलं होतं. त्या आता त्या खोलीत जाऊन रोज सगळ्यावरची धूळ पुसत होत्या.

ढोलेबाईंनी नको म्हटलं होतं, तरी आम्ही निघालो तेव्हा शोभाताईंनी खेळण्यांची एक पिशवी बळंच दिली. “गाडीत लागतील,” म्हणाल्या.

महाराष्ट्र एक्स्प्रेसनं आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी वर्ध्याला उतरलो आणि तिथून रिक्षानं गेलो. संस्था साधीच होती. अंगणात कडुनिंब, दोरीवर ओळीनं वाळत घातलेली दुपटी, आणि आतून अनेक पोरांचा एकमेकांत मिसळलेला आवाज. ढोलेबाईंनी आम्हाला एका खोलीत बसवलं. चटई, एक कॉट, खिडकी. त्यांच्या चष्म्याची दांडी वाकडी झाली होती. आता काय करावं ते न कळून विश्वासनं त्यांच्याकडून चष्मा मागून घेतला आणि बोटांनी दाबून सरळ करत बसला.

“मैनाला सांभाळणाऱ्या पंचफुलाबाई तिला घेऊन येतील,” ढोलेबाई म्हणाल्या. “संस्थेत आली तेव्हापासून त्यांच्याजवळच आहे. त्या सांगतील तसं करा.”

दार उघडलं. मला आधी माझी साडीच दिसली. उंच, सावळी, पन्नाशीकडं झुकलेली एक बाई आत आली. तिच्या अंगावर तिची हिरवी साडी होती आणि खांद्यावर, पदरावरून, माझी जांभळी चौकडीची साडी घडी करून टाकलेली होती. त्या घडीवर गाल टेकवून मैना बसली होती. डोक्यावर आता बारीक केस आले होते. आठ्या मात्र फोटोतल्याच.

मी उठायला गेले.

“बसा, बाई. उठू नका,” पंचफुलाबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. “हात नका लावू आत्ताच. तिले पाहू द्या पहिले.”

त्या माझ्यासमोर चटईवर बसल्या. मैनाला त्यांनी पुढ्यात उभी केली. मग मला दिसलं की कॉटच्या बाजूच्या भिंतीवर, अगदी खाली, रांगणाऱ्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, आमचा फोटो चिकटवला होता. त्याचे कोपरे चावून चावून ओले होऊन गेले होते.

मैनानं माझ्याकडं पाहिलं. वर्गातल्या साठ पोरांच्या नजरा रोज माझ्यावर असतात. पण तसं मला कुणी कधी पाहिलं नव्हतं. घाई नव्हती, भीती नव्हती. ती तपासून घेत होती. एकदा तिनं भिंतीवरच्या फोटोकडं मान वळवली, पुन्हा माझ्याकडं. मग पंचफुलाबाईंच्या गुडघ्याला धरून एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, मधेच बसली, आणि उरलेलं अंतर रांगत आली. तिनं माझा पदर मुठीत धरला. तो तोंडाशी नेला. आणि मला ऐकू आलं, तिनं श्वास आत ओढला.

तिनं मागं वळून पंचफुलाबाईंकडं पाहिलं. पंचफुलाबाईंनी मुद्दाम तोंड खिडकीकडं केलं होतं.

पुन्हा एकदा तिनं पदर हुंगला. मग माझ्या मांडीवर चढली, आपल्या रोजच्या जागेवर चढावं तशी, आणि डोकं माझ्या पोटावर टेकवून पडून राहिली.

मी हलले नाही. मला वाटलं, मी नीट श्वास घेतला तरी हे संपेल. विश्वासनं पुसायला म्हणून स्वतःचा चष्मा काढला आणि न पुसताच खिशात ठेवला. त्या एवढ्याशा डोक्याची ऊब साडीतून माझ्यापर्यंत येत होती. इतकी वर्षं मी ज्याची कल्पना केली होती, त्यात रडणं होतं, हसणं होतं, फोटो काढणं होतं. हे नव्हतं. कुणी आपल्याला आधीपासून ओळखत असेल, हे माझ्या मनात कधी आलंच नव्हतं.

नंतर ढोलेबाईंनी सांगितलं. साडी आली त्या दिवसापासून पंचफुलाबाईंनी ती खांद्यावर घेतल्याशिवाय मैनाला कधी भरवलं नाही की निजवलं नाही. मैना रडली की त्या तिला साडीत गुंडाळून घेत. तिचं हसणं-खेळणं, पोटभर दूध, गाढ झोप, सगळ्याला त्यांनी माझा वास जोडून दिला होता.

आम्ही गावातल्या लॉजवर काही दिवस राहिलो आणि रोज संस्थेत जात राहिलो. पहिल्या दिवशी पंचफुलाबाई आमच्याबरोबर सबंध दुपार बसल्या. मग थोडा वेळ. मग नुसत्या दारापर्यंत. त्या खोलीतून निघाल्या की मैना त्यांना हाक मारायची, “फुया.” फुला म्हणता येत नव्हतं म्हणून फुया. मला त्याचं थोडं नवल वाटलं. एवढा जीव लावलेली बाई, आणि मूल तिला नावानं हाक मारतं. मावशी नाही, आजी नाही, काहीच नाही. संस्थेचा नियम असेल, असं मी धरून चालले, आणि तो नियम मला जरा कोरडा वाटला.

माझ्या हातून वरणभात भरवताना मैना पहिला घास थुंकायची. पंचफुलाबाईंनी एकदा ते दारातून पाहिलं.

“थोडा गूळ टाकजा त्याच्यात,” त्या म्हणाल्या. “आन् घास देताना बोलू नका. लय बोलता तुमी.”

मी हसले. त्या नाही हसल्या. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी गुळाचा खडा आणून माझ्या हातावर ठेवला.

निघायचा दिवस आला. सह्या झाल्या. कोर्टाचं काम पुढं यथावकाश व्हायचं होतं. मैनाला आम्ही घरून आणलेला फ्रॉक घातला. तो तिच्या पावलांपर्यंत आला, माझ्या बहिणीनं मोठ्या मनानं घेतला होता. ढोलेबाईंनी पेढा दिला, बाकीच्या बायका मुलांना कडेवर घेऊन व्हरांड्यात आल्या. मी पंचफुलाबाईंसाठी एक इरकल नेली होती. ती देताना मला शरम वाटली. ह्या बाईला आपण काय देतोय, आणि कशाच्या बदल्यात, असं वाटून हात पुढं होईना. त्यांनीच ती घेतली आणि डोळ्यांना लावली.

“चांगली हाये,” त्या म्हणाल्या. “दिवाळीले नेसीन.”

फाटकापर्यंत त्या आमच्याबरोबर आल्या. विश्वास मैनाला घेऊन रिक्षाशी थांबला होता आणि तिला कडुनिंबावरचे पोपट दाखवत होता. पंचफुलाबाई माझ्याजवळ सरकल्या.

“एक सांगाचं होतं तुमाले.”

“सांगा ना.”

“ती एक शब्द अजून कोनालेच नाही म्हनत. म्हनजे मीच म्हनू नाही देला.”

“कुठला?”

“माय.”

मी वळून रिक्षापाशी असलेल्या मैनाकडं पाहिलं.

“लेकरं बोलाले लागली का म-म करतात,” त्या सांगू लागल्या. “ज्याच्यापाशी असन त्याले म्हनतात. त्याह्यले काय समजते. ही बी मले म्हने. गळ्यात हात टाके आन् म्हने. मी म्हनो, नाही, मी फुला. फुला म्हन. तुई माय येनार हाये. रोज म्हनो. मंग तुमचा फोटो आला, तं फोटोवर बोट ठेवून सांगो, हे पाह्य, हे माय. तो शब्द तुमचा हाये. मी वापरला नाही. ठेवून देला.”

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. तो जाईपर्यंत त्या थांबल्या.

“रडन ती गाडीत. रडू द्या. मले हाक मारन, तं मारू द्या. पन कधी ना कधी तो शब्द येईन. लवकर नाही आला तं घाबरू नका.”

“तुम्ही सगळ्यांच्याच वेळी असं करता?”

“हो ना. नाही तं त्यांच्या मायले काय राहीन?”

मला काहीतरी बोलायचं होतं, आणि जे तोंडाला आलं ते मी विचारून बसले. “तुमची मुलं... ती काय म्हणतात तुम्हाला?”

“मले नाही झाली,” पंचफुलाबाई म्हणाल्या.

कुणी पत्ता विचारावा आणि आपण सांगावा, तसं त्यांनी ते सांगितलं. मग रिक्षाकडं गेल्या, मैनाच्या फ्रॉकची लोंबणारी नाडी बांधली, आणि मागं न पाहता आत निघून गेल्या. आतून एक मूल रडत होतं. त्याच्याकडंच गेल्या असतील. मैना पोपट पाहत होती. तिला कळलंसुद्धा नाही.

विश्वासनं दोनदा हाक मारली तेव्हा मी फाटकापासून हलले. काय झालं, असं त्यानं रिक्षात विचारलं. स्टेशनवर, गाडीची वाट पाहताना, सांगितलं. तो मैनाचा तळवा आपल्या हातात घेऊन बसून राहिला.

गाडीत पहिला तास ती खिडकीला नाक लावून होती. मग एकदम तिच्या लक्षात आलं. तिनं डब्यात सगळीकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं, आणि म्हणाली, “फुया?”

मग ती रडायला लागली. असं रडणं मी ऐकलं नव्हतं. हट्ट नव्हता त्यात. विश्वासनं शोभाताईंची पिशवी उघडली. बाहुली, चेंडू, रंगीत ठोकळे, कदमबाईंचा खुळखुळा, एकेक वस्तू बाहेर आली आणि बाकाखाली गेली. समोरच्या बाकावरचा एक जवान आपल्या ट्रंकेच्या किल्ल्या वाजवून पाहत होता. एका बाईंनी बिस्किट दिलं. दुसऱ्या म्हणाल्या, पोट दुखत असेल, ओवा चोळा. सगळे आपल्याजवळचं काहीतरी पुढं करत होते. संस्थेतून परत आणलेली जांभळी साडी मी तिच्याभोवती गुंडाळली. तिनं त्यात तोंड खुपसलं आणि जास्तच रडली. तेव्हा मला कळलं, की त्या साडीला आता माझा एकटीचा वास राहिलेला नव्हता.

“रड,” मी तिला म्हणाले. दुसरं काही माझ्याजवळ नव्हतं. “रड, बाळा.” आणि मग पंचफुलाबाईंचं आठवून मी बोलणं बंद केलं. तिला घट्ट धरून नुसती बसले. ती “फुया, फुया” करत राहिली आणि मी ते ऐकत राहिले. मलाही त्याच हाकेसाठी रडू येत होतं.

बडनेरा गेलं तेव्हा ती दमून झोपली. तोंड उघडं, पापण्या चिकटलेल्या, हुंदका मधूनच अंगभर हलायचा. डबा शांत झाला. जवानानं आपणहून पंखा आमच्याकडं वळवला. बाहेर कपाशीची शेतं पळत होती. माझ्या हाताला मुंग्या आल्या होत्या, पण मी हात काढला नाही. विश्वास म्हणाला, “दे थोडा वेळ.” मी नको म्हटलं.

अकोला मागं पडलं असेल. ती जागी झाली. रडली नाही. आधी वर फिरणाऱ्या पंख्याकडं पाहिलं, मग विश्वासकडं, मग त्या जवानाकडं. ओठ सुकले होते. जिभेनं तिनं ते ओले केले. मान मागं टाकून ती माझ्या तोंडाकडं पाहू लागली, त्या पहिल्या दिवशीसारखं, घाई न करता. तिच्या कपाळावर आठ्या नव्हत्या.

“माय,” ती म्हणाली.

फार हळू. मी इतकी थक्क झाले की नुसती बघत बसले. माझ्या मनात त्या फाटकापाशी उभी असलेली उंच बाई होती. हा शब्द कितीदा तिच्या गळ्यात हात टाकून आला असेल, आणि तिनं तो दर वेळी अलगद काढून बाजूला ठेवला असेल. ती बाई आत्ता दुसऱ्या कुणाच्या लेकराला निजवत असेल.

विश्वासनं माझ्या कोपराला हात लावला. “उज्ज्वला,” तो म्हणाला, “ती हाक मारतेय.”

“माय,” मैना पुन्हा म्हणाली, आता जरा मोठ्यानं, आणि वाट पाहू लागली.

मी ओ दिली.